मेंदूच्या हिवतापातील सायटोकाइनांची भूमिका

सायटोकाइने ही रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशींनी एकमेकींना संदेश देण्यासाठी स्रवलेली लहान प्रथिने होत. मेंदूचा हिवताप हा प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाचा अत्यंत घातक प्रकार असून त्यात रुग्ण गाढ बेशुद्धीत जातो. या आजारात रुग्णाच्या रक्तात अनेक सायटोकाइनांचे प्रमाण फार वाढलेले आढळते. परजीवीचा नाश करण्यासाठी शरीराने उभारलेला हाच प्रतिकार मेंदूतील रक्तवाहिन्यांना इजा पोहोचवतो काय, आणि तसे असेल तर तो औषधाने आवरता येईल काय, हा हिवतापाच्या संशोधनातील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. सायटोकाइनांचा या आजाराशी संबंध आहे, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. तथापि त्यांना रोखल्याने रुग्ण वाचतो, असे मानवी चाचण्यांत आजवर सिद्ध झालेले नाही.

## संज्ञा व व्याख्या

'हिव' म्हणजे थंडी. थंडी वाजून येणारा ताप म्हणून मलेरियाला मराठीत हिवताप हे नाव रूढ झाले. मेंदूच्या हिवतापाला बोलीत 'मेंदूचा मलेरिया' असेही म्हणतात. 'मेंदूज्वर' हा शब्द मात्र सामान्यतः विषाणूंमुळे होणाऱ्या मेंदूच्या दाहासाठी वापरला जातो. हे दोन आजार वेगळे आहेत व त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मेंदूच्या हिवतापाचे निदान करण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात: रुग्ण गाढ बेशुद्धीत असणे, त्याच्या रक्तात प्लास्मोडियम फाल्सिपेरमचे परजीवी आढळणे, आणि बेशुद्धीचे दुसरे कोणतेही कारण न सापडणे. आकडी येऊन गेल्यावर काही काळ राहणारी गुंगी यात धरली जात नाही. बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी प्रौढांत ग्लासगो मापन, तर लहान मुलांत मलावी देशातील ब्लँटायर शहराच्या नावाने ओळखले जाणारे मापन वापरतात.

## व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते व सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. यांपैकी सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागात झाले आणि त्यांतील बहुसंख्य मृत पाच वर्षांखालील बालके होती. मेंदूचा हिवताप झालेल्या मुलांपैकी साधारणतः १५ ते २० टक्के मुले रुग्णालयात उपचार मिळूनही दगावतात. वाचलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांत अपस्मार, हातापायांतील दुर्बलता, बोलण्यातील अडचण किंवा स्मरण व आकलन यांतील उणीव दीर्घकाळ राहते.

आफ्रिकेत हा आजार मुख्यतः लहान मुलांत आढळतो. ज्यांना वारंवार हिवताप होऊन गेला आहे, अशा प्रौढांत अंशतः प्रतिकारशक्ती निर्माण झालेली असते. भारत व आग्नेय आशिया येथे संसर्गाचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने प्रौढांनाही हा आजार होतो. त्यांच्यात मेंदूबरोबर मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसे यांवरही परिणाम होण्याचे प्रमाण अधिक असते.

## सायटोकाइनांचे स्वरूप

रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशी शरीरभर विखुरलेल्या असतात. एखाद्या ठिकाणी रोगजंतू शिरल्याची वार्ता इतर पेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम सायटोकाइने करतात. ती अत्यल्प प्रमाणात स्रवतात, लक्ष्य पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहींना चिकटतात आणि त्या पेशीचे वर्तन बदलतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (संक्षेपाने टीएनएफ), इंटरफेरॉने, इंटरल्युकिने आणि पेशींना विशिष्ट ठिकाणी आकर्षून घेणारी केमोकाइने हे यांचे प्रमुख गट होत.

कार्याच्या दृष्टीने सायटोकाइनांचे ढोबळमानाने दोन भाग करतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा व इंटरफेरॉन गॅमा यांसारखी सायटोकाइने दाह वाढवतात. इंटरल्युकिन-१० व ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा ही दाह शमवतात. ही विभागणी सोयीपुरतीच समजावी. एकच सायटोकाइन किती प्रमाणात, केव्हा, कोठे आणि किती काळ स्रवते, यावर ते हितकारक ठरणार की अपायकारक, हे अवलंबून असते. हिवतापातील ताप हे याचे साधे उदाहरण आहे. तो सायटोकाइनांमुळेच येतो, परजीवीच्या वाढीस काही प्रमाणात अडथळा करतो आणि त्याच वेळी रुग्णाला हैराणही करतो.

## संशोधनाचा इतिहास

अल्फोन्स लाव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला. कामिल्लो गॉल्जी यांनी १८८० च्या दशकात असे दाखवून दिले की, तांबड्या रक्तपेशी फुटून परजीवींची नवी पिढी बाहेर पडते, त्याच सुमारास रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो. त्यामुळे पेशी फुटताना काही विषारी द्रव्य रक्तात मिसळत असावे, असा तर्क पुढे आला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात मानवी हिवतापाचा परजीवी शोधला व रोगाच्या प्रसाराचे कोडे उलगडले. परंतु परजीवी माणसाला आजारी कसा पाडतो, हा प्रश्न शिल्लक होता.

इटलीतील एत्तोरे मार्क्याफाव्हा व अमिको बिन्यामी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मृत रुग्णांच्या मेंदूची तपासणी केली. मेंदूतील केशवाहिन्या परजीवीयुक्त रक्तपेशींनी गच्च भरलेल्या त्यांना आढळल्या. या निरीक्षणातून 'यांत्रिक अवरोध' ही पहिली उपपत्ती उभी राहिली. तिच्यानुसार रक्तवाहिन्या तुंबल्याने मेंदूला प्राणवायू व ग्लुकोज कमी पडतात आणि रुग्ण बेशुद्ध होतो.

ही उपपत्ती एका निरीक्षणापुढे अपुरी पडत होती. मेंदूचा रक्तपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास कायमची हानी होते; मेंदूच्या हिवतापातून मात्र अनेक रुग्ण दोनतीन दिवसांच्या बेशुद्धीनंतर पूर्णपणे बरे होतात. ऑस्ट्रेलियातील संशोधक इयन क्लार्क यांनी १९७८ पासून वेगळा विचार मांडला. हिवतापातील बरीचशी लक्षणे परजीवीमुळे थेट उद्भवत नसून महाभक्षी पेशींनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. जंतुदोषाच्या तीव्र आजारांत दिसणारी लक्षणे आणि हिवतापाची लक्षणे यांतील साम्य हा त्याचा आधार होता. यातून 'सायटोकाइन उपपत्ती' निर्माण झाली.

जॉर्ज ग्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हिवतापाची लागण केलेल्या उंदरांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिल्यास रक्तातील परजीवींची संख्या तीच राहूनही मेंदूचा विकार टळतो, असे त्यात आढळले. या प्रयोगाने सायटोकाइन उपपत्तीला मोठे बळ मिळाले.

## रोगनिर्मितीची प्रक्रिया

आज यांत्रिक अवरोध आणि सायटोकाइने या दोन उपपत्ती परस्परविरोधी मानल्या जात नाहीत. एका प्रक्रियेमुळे दुसरीला चालना मिळते व त्यातून दुष्टचक्र निर्माण होते, असे मानले जाते. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

### प्रतिकाराला चालना

परजीवी तांबड्या रक्तपेशीत वाढतो व साधारण ४८ तासांनी ती पेशी फुटते. त्या वेळी परजीवीच्या आवरणातील ग्लायकोसिल-फॉस्फेटिडिल-इनोसिटॉल नावाचे स्निग्ध घटक, परजीवीचा डीएनए आणि हिमोझोइन हे रंगद्रव्य रक्तात मिसळते. परजीवी हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा उरणाऱ्या हीमपासून हिमोझोइनचे तपकिरी स्फटिक तयार होतात. महाभक्षी पेशींवरील टोल-सदृश ग्राही व पेशींच्या आतील इतर ग्राही या पदार्थांना परके म्हणून ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ इत्यादी सायटोकाइने स्रवू लागतात.

### रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील परिणाम

रक्तवाहिन्यांच्या आतील पृष्ठभागावर पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. टीएनएफसारखी सायटोकाइने या थरातील पेशींना उद्दीपित करतात. त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर इकॅम-१ या आसंजक प्रथिनाचे प्रमाण वाढते. परजीवीने ग्रासलेली रक्तपेशी आपल्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ नावाचे प्रथिन धारण करते व त्याच्या साहाय्याने इकॅम-१ ला चिकटते. अशा रीतीने सायटोकाइने परजीवीयुक्त पेशींना चिकटण्यासाठी अधिक जागा निर्माण करतात. चिकटलेल्या पेशी तेथेच फुटतात, परजीवीचे घटक त्याच ठिकाणी बाहेर पडतात आणि स्थानिक दाह अधिक वाढतो. वाहिनीला चिकटून राहिल्याने परजीवी प्लीहेत जाऊन नष्ट होण्यापासून वाचतो. हे चिकटणे त्याच्या लाभाचे असते.

२०१३ मध्ये असे आढळले की, तीव्र हिवतापाशी निगडित असलेले पीएफईएमपी-१ चे काही प्रकार अंतःस्तरावरील 'प्रोटीन-सी ग्राही'ला चिकटतात. हा ग्राही रक्त गोठण्याची क्रिया मर्यादित ठेवतो आणि अंतःस्तराचे रक्षण करतो. मेंदूतील रक्तवाहिन्यांत या संरक्षक व्यवस्थेचे घटक मुळातच कमी असतात. परजीवीयुक्त पेशींनी ग्राही व्यापल्यामुळे तसेच दाहामुळे ही व्यवस्था आणखी दुबळी होते. शरीरातील सर्व रक्तवाहिन्यांत सायटोकाइने फिरत असताना मेंदूचीच इतकी हानी का होते, याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

### रक्त-मेंदू रोध व मेंदूची सूज

मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. त्यामुळे रक्तातील बहुतेक पदार्थ मेंदूच्या ऊतीत शिरू शकत नाहीत. या व्यवस्थेला रक्त-मेंदू रोध म्हणतात. दाहामुळे पेशींमधील जोड सैल होतात आणि रक्तातील द्रव व प्रथिने मेंदूत झिरपतात. विशेष म्हणजे परजीवी रक्तवाहिनीच्या आतच राहतो. तो मेंदूच्या ऊतीत शिरत नाही. तरीही वाहिनीबाहेरील चेतापेशी व आधारपेशी यांचे कार्य बिघडते.

मलावीतील १६८ मुलांच्या मेंदूचे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण करून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २५ मुले दगावली. मृत्यू पावलेल्या मुलांपैकी २१ जणांच्या, म्हणजे ८४ टक्के मुलांच्या, मेंदूला दाखल होतानाच तीव्र सूज होती. वाचलेल्या मुलांत हे प्रमाण २७ टक्के होते. सुजलेला मेंदू कवटीत दाटतो व मेंदूच्या बुंध्यातील श्वसनकेंद्रावर दाब येऊन श्वास थांबतो, असे यावरून दिसते.

## प्रमुख सायटोकाइने

* टीएनएफ: सर्वाधिक अभ्यासले गेलेले सायटोकाइन. ताप आणणे, महाभक्षी पेशींना परजीवीविरुद्ध सज्ज करणे आणि अंतःस्तरावर इकॅम-१ वाढवणे ही त्याची कार्ये होत. अल्प प्रमाणात ते संरक्षक, तर अतिरिक्त प्रमाणात अपायकारक ठरू शकते.
* लिम्फोटॉक्सिन अल्फा: टीएनएफच्याच कुलातील प्रथिन. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत टीएनएफपेक्षा याचाच अभाव मेंदूच्या विकारापासून संरक्षण देतो, असे आढळले.
* इंटरफेरॉन गॅमा: मुख्यतः टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी हे स्रवतात. त्याचा ग्राही नसलेल्या उंदरांना मेंदूचा विकार होत नाही. पापुआ न्यू गिनीतील मुलांत मात्र परजीवीला प्रतिसाद म्हणून हे त्वरेने स्रवणे लक्षणयुक्त हिवतापापासूनच्या संरक्षणाशी निगडित आढळले.
* इंटरल्युकिन-१ बीटा व इंटरल्युकिन-६: ताप व दाह यांस कारणीभूत. तीव्र हिवतापात यांचे प्रमाण वाढते.
* इंटरल्युकिन-१०: दाह आवरणारे सायटोकाइन. मेंदूच्या हिवतापात याचेही प्रमाण वाढलेले असते. घाना व केनिया येथील अभ्यासांत टीएनएफच्या तुलनेत हे कमी असणाऱ्या मुलांत हिवतापजन्य तीव्र रक्तक्षय अधिक दिसला.
* सीएक्ससीएल-१०: इंटरफेरॉन गॅमाच्या प्रभावाने स्रवणारे केमोकाइन. ते टी-पेशींना मेंदूतील रक्तवाहिन्यांकडे आकर्षून घेते. हे नसलेल्या उंदरांत मेंदूच्या विकाराचे प्रमाण घटते.

## मानवी रुग्णांतील निरीक्षणे

मलावीतील मुलांवरील अभ्यास १९८९ मध्ये, तर गॅम्बियातील मुलांवरील अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. गॅम्बियातील अभ्यासात साध्या हिवतापाच्या तुलनेत मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या मुलांच्या रक्तातील टीएनएफची सरासरी पातळी दुप्पट, तर दगावलेल्या मुलांत दहापट आढळली.

१९९४ मध्ये गॅम्बियातूनच आणखी एक निष्कर्ष पुढे आला. टीएनएफच्या जनुकाजवळील नियामक भागात विशिष्ट बदल असलेली प्रत आई व वडील या दोघांकडूनही मिळालेल्या मुलांत मेंदूच्या हिवतापाने मृत्यू किंवा गंभीर मज्जाविकार होण्याचा धोका सातपट होता. तथापि तीव्र हिवतापाच्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात या संबंधाला पुष्टी मिळाली नाही. त्याच अभ्यासात दात्र-पेशी रक्तविकाराचे जनुक व रक्तगट यांचा संबंध मात्र स्पष्टपणे दिसून आला.

मध्य प्रदेशातील जबलपूर येथील रुग्णांवरील अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या हिवतापाने मृत्यू पावलेल्या रुग्णांत सीएक्ससीएल-१० ची पातळी विशेष वाढलेली त्यात आढळली. घानामधील मुलांतही असाच संबंध दिसला. युगांडातील मुलांत मेरुद्रवातील टीएनएफची वाढलेली पातळी पुढे राहणाऱ्या बौद्धिक उणिवेशी निगडित असल्याचे २०१७ मध्ये दाखवण्यात आले.

याच्या उलट दिशेचा पुरावाही महत्त्वाचा आहे. श्रीलंकेत १९९२ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापातही ताप चढताना टीएनएफची पातळी खूप वाढते. परंतु त्या हिवतापात गाढ बेशुद्धी सहसा येत नाही. यावरून केवळ रक्तातील टीएनएफ वाढणे बेशुद्धीला पुरेसे नाही, असा निष्कर्ष निघतो. मेंदूतील वाहिन्यांना परजीवीयुक्त पेशी चिकटण्याची जोड त्याला लागते, आणि हा गुण मुख्यतः फाल्सिपेरमचा आहे.

इयन क्लार्क यांनी असेही सुचवले होते की, सायटोकाइनांमुळे नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात तयार होते आणि ते चेतापेशींतील संदेशवहन तात्पुरते मंदावते. टांझानियातील मुलांवरील, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच्या विपरीत चित्र दिसले. आजार जितका तीव्र, तितके नायट्रिक ऑक्साइडचे उत्पादन कमी होते. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांचे रक्षण करते व त्याची कमतरताच घातक ठरते, असा विचार त्यानंतर प्रबळ झाला.

### निदानातील अडचण

मानवी अभ्यासांचा अर्थ लावताना निदानाची अचूकता हा मोठा प्रश्न असतो. हिवतापाचे प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशात अनेक निरोगी मुलांच्या रक्तातही परजीवी असतात. अशा मुलाला दुसऱ्या कारणाने बेशुद्धी आली, तरी त्याची नोंद मेंदूचा हिवताप म्हणून होऊ शकते. ब्लँटायर येथे मेंदूच्या हिवतापाचे निदान झालेल्या ३१ मृत मुलांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ७ मुलांच्या मृत्यूचे कारण वेगळेच निघाले. डोळ्याच्या दृष्टिपटलावर दिसणारे पांढुरके डाग, वाहिन्यांच्या रंगातील बदल व रक्तस्राव ही चिन्हे खरा मेंदूचा हिवताप ओळखण्यास सर्वाधिक उपयुक्त ठरली. दृष्टिपटलाची तपासणी न करता केलेल्या जुन्या अभ्यासांत दोन्ही प्रकारचे रुग्ण मिसळलेले असण्याची शक्यता आहे.

## उंदरांवरील प्रयोग व त्यांच्या मर्यादा

या विषयातील बरेचसे ज्ञान प्लास्मोडियम बर्गेई या कृंतकांच्या परजीवीची लागण केलेल्या उंदरांवरून मिळाले आहे. विशिष्ट वाणाच्या उंदरांना लागण झाल्यावर आठवडाभरात किंवा थोड्या अधिक काळात आकडी, पक्षाघात व बेशुद्धी येऊन मृत्यू येतो. या विकारात सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी मेंदूतील वाहिन्यांकडे जमतात आणि अंतःस्तराला इजा करतात.

माणसातील चित्र थोडे निराळे आहे. मानवी मेंदूच्या वाहिन्यांत परजीवीयुक्त तांबड्या पेशींची गर्दी हे प्रमुख लक्षण असते, तर उंदरांत पांढऱ्या पेशी अधिक दिसतात. त्यामुळे हे प्रयोग माणसाला कितपत लागू पडतात, याबद्दल संशोधकांत तीव्र मतभेद झाले. २०२० मध्ये मलावीतील मृत मुलांच्या मेंदूत वाहिन्यांलगत सीडी-८ पेशी आढळल्या आणि दोन्हींतील काही प्रक्रिया समान असल्याचे मत पुन्हा पुढे आले.

दुसरा फरक वेळेचा आहे. उंदराला लागण केव्हा झाली, हे प्रयोगकर्त्याला ठाऊक असते व लक्षणे उमटण्यापूर्वी औषध देता येते. रुग्णालयात आणलेले मूल मात्र आधीच बेशुद्ध असते.

## सायटोकाइनांवर आधारित उपचारांचे प्रयोग

डेक्सामेथासोन: हे दाह कमी करणारे स्टेरॉइड मेंदूच्या हिवतापात अनेक वर्षे सर्रास दिले जात असे. थायलंडमधील १०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेरॉइडमुळे मृत्यू कमी झाले नाहीत; उलट बेशुद्धीचा काळ लांबला आणि न्यूमोनिया व पचनमार्गातील रक्तस्राव यांचे प्रमाण वाढले. तेव्हापासून मेंदूच्या हिवतापात स्टेरॉइड देऊ नये, असा सल्ला दिला जातो.

टीएनएफविरोधी प्रतिपिंड: उंदरांवरील यशानंतर गॅम्बियात ही चाचणी झाली व तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूचा हिवताप झालेल्या ६१० मुलांचे दोन गट करण्यात आले. नेहमीच्या हिवतापविरोधी औषधांबरोबर एका गटाला प्रतिपिंड व दुसऱ्याला निरौषध द्रव देण्यात आला. प्रतिपिंड मिळालेल्या गटात १९.९ टक्के, तर दुसऱ्या गटात २०.८ टक्के मुले दगावली, म्हणजे मृत्युदरात अर्थपूर्ण फरक पडला नाही. वाचलेल्या मुलांत मात्र मज्जाविकार मागे राहण्याचे प्रमाण प्रतिपिंड मिळालेल्या गटात ६.८ टक्के व दुसऱ्या गटात २.२ टक्के होते. प्रतिपिंडाला बांधले गेलेले टीएनएफ रक्तात अधिक काळ टिकून राहिले व त्याचा वाहिन्यांवरील परिणाम लांबला, अशी शक्यता संशोधकांनी मांडली. याच प्रतिपिंडाने ताप मात्र उतरतो, हे आधीच्या लहान अभ्यासात दिसले होते.

इतर उपाय: टीएनएफचे उत्पादन घटवणारे पेंटॉक्सिफायलिन आणि शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन यांचाही निश्चित लाभ दिसून आला नाही. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिलेल्या मॅनिटॉलने युगांडातील मुलांत फायदा झाला नाही, आणि ओडिशातील राउरकेला येथील प्रौढ रुग्णांत बेशुद्धी लांबली.

## निष्कर्षांचा अर्थ

या चाचण्यांमुळे सायटोकाइन उपपत्ती खोटी ठरली, असे म्हणता येत नाही. पण तिचा अर्थ अधिक काटेकोरपणे लावणे भाग पडले. त्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण असे की, मृत्यू पावणाऱ्या रुग्णांत एखादा पदार्थ वाढलेला आढळला, एवढ्यावरून तो मृत्यूचे कारण ठरत नाही. तो आजाराच्या तीव्रतेचा निदर्शक असू शकतो. परजीवींची संख्या जास्त असेल, तर टीएनएफही जास्त स्रवणारच. दुसरे कारण वेळेचे आहे. बेशुद्धी येईपर्यंत सायटोकाइनांनी अंतःस्तरात घडवायचा तो बदल घडवलेला असतो. त्यानंतर त्यांना रोखून विशेष उपयोग होत नाही. तिसरे असे की, सायटोकाइने एकेकटी काम करत नाहीत. एकाची वाट अडवली तरी दुसरे तेच कार्य पार पाडू शकते. चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. हीच सायटोकाइने परजीवीशी लढतात. त्यांना सरसकट दाबले, तर रोगाबरोबर प्रतिकारही दाबला जातो.

## सध्याचे उपचार

मेंदूच्या हिवतापात परजीवीचा शक्य तितक्या लवकर नाश करणे, हाच सायटोकाइनांचा भडका थांबवण्याचा आजघडीला सिद्ध झालेला मार्ग आहे. त्यासाठी शिरेतून किंवा स्नायूतून आर्टेसुनेट देतात व रुग्ण तोंडाने औषध घेऊ लागल्यावर आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार पूर्ण करतात. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया व म्यानमार येथील १,४६१ रुग्णांवरील चाचणीत (२००५) क्विनीन दिलेल्या गटात मृत्युदर २२ टक्के, तर आर्टेसुनेट दिलेल्या गटात १५ टक्के होता. आफ्रिकेतील ५,४२५ मुलांच्या चाचणीत (२०१०) हेच आकडे अनुक्रमे १०.९ व ८.५ टक्के होते. आर्टेसुनेट परजीवीच्या कोवळ्या अवस्थांवरही परिणाम करते. त्यामुळे पुढे वाहिन्यांना चिकटू शकणाऱ्या पेशींची संख्याच घटते.

याबरोबर रक्तातील साखरेवर लक्ष ठेवणे, आकडी थांबवणे, श्वसनास साहाय्य करणे आणि जोडीला असणारा जंतुसंसर्ग ओळखणे आवश्यक असते. दुर्गम भागात रुग्णालय दूर असल्यास सहा वर्षांखालील मुलांना गुदमार्गे आर्टेसुनेटची एक मात्रा देऊन लगेच पुढे पाठवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

महाराष्ट्रात फाल्सिपेरम हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीच्या वनव्याप्त भागावर पडतो. अशा भागात तापाच्या पहिल्याच दिवशी रक्ततपासणी होणे व औषध मिळणे याला मोठे महत्त्व आहे. साध्या हिवतापातच योग्य उपचार झाले, तर पुढची सारी प्रक्रिया टळते. ताप आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला आकडी आली किंवा तो हाकेला ओ देईनासा झाला, तर विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते.

## पुढील संशोधनाच्या दिशा

सायटोकाइनांना थेट रोखण्याऐवजी अंतःस्तराचे रक्षण करण्यावर आता अधिक भर दिला जात आहे. वाहिन्यांची स्थिरता राखणारे अँजिओपोएटिन-१ हे प्रथिन मेंदूच्या हिवतापात घटते, तर तिला बाधा आणणारे अँजिओपोएटिन-२ वाढते. या दोहोंच्या प्रमाणावरून आजाराची तीव्रता आधीच ओळखता येईल काय, याचा अभ्यास झाला आहे. मेंदूची सूज कमी करण्याचे व मुलाचे श्वसन त्या काळात यंत्राने चालू ठेवण्याचे उपायही अभ्यासले जात आहेत.

प्रतिबंधाच्या क्षेत्रात दोन लसी उपलब्ध झाल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील मुलांसाठी आरटीएस,एस या लसीची शिफारस २०२१ मध्ये केली. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या लसीची शिफारस २०२३ मध्ये झाली. या दोन्ही लसी परजीवी यकृतात जाण्यापूर्वीच्या अवस्थेला लक्ष्य करतात. त्यामुळे रक्तातील संसर्ग, आणि त्यातून सुरू होणारी सायटोकाइनांची साखळी, मुळातच टाळण्याचा प्रयत्न होतो.